घाट चढा, डोंगर टाळा: नवशिक्यांसाठी सहलीची मार्गदर्शिका

सह्याद्री तापीच्या दक्षिणेला सुरू होतो आणि थेट कन्याकुमारीकडे जातो. लांबी सुमारे १६०० किलोमीटर. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात आपलं कासचं पठारही आलं. एवढं मोठं प्रकरण वाटेत आडवं पसरलेलं असताना त्यातलं काहीही न बघता पलीकडे जाऊन परत यायचं, हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. तरीही दर पावसाळ्यात मुंबई-पुण्याची हजारो कुटुंबं ते सहज करून दाखवतात. थोडी रेल्वे, थोडी मोटार, थोडी कांदाभजी आणि डोंगर शून्य. ही कला अनुभवानं येते. ज्यांना तेवढा वेळ नाही, त्यांनी पुढच्या सूचना क्रमानं पाळाव्यात.

१. जागा नंतर ठरवा, ग्रुप आधी काढा

सहलीला निघण्यासाठी ठिकाण लागत नाही, व्हॉट्सॲप ग्रुप लागतो. नाव ठेवा ‘चलो सह्याद्री’. आपल्याच डोंगराला हिंदीतून हाक मारायची पद्धत आहे, ती मोडू नका.

ग्रुपमध्ये किमान अकरा माणसं घ्या. दहा जण दोन गाड्यांत बसतात. अकरावा कुठे बसणार, यावर पहिले दोन आठवडे छान जातात. मग कुणीतरी विचारेल, “कुठे जायचं?” सगळे म्हणतील, “कुठेही चालेल.” असं म्हणणाऱ्यांची नावं टिपून ठेवा. तुम्ही ताम्हिणी सुचवलंत की “तिथे काय आहे?” असं विचारणारे हेच.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक मोठे काका असतात. ते रात्री अकरा वाजता पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकतात. त्यात घाट कुठून चढतो, कुठल्या बोगद्यानंतर दरी उघडते, कुठल्या महिन्यात काय फुलतं हे सगळं असतं. काका चाळीस वर्षं या मार्गानं कामावर गेलेले असतात. मेसेज ऐकू नका. अंगठा दाखवा आणि खाली लगेच मेनूकार्डाचा फोटो टाका, म्हणजे मेसेज वर सरकेल.

२. गर्दीची तारीख पकडा

मंगळवारी, बुधवारी लोणावळ्याला कुणी नसतं. म्हणजे तिथे बघण्यासारखं काही नसणार, हा निष्कर्ष उघड आहे. शनिवार घ्या. जुलैचा घ्या. शक्य असेल तर धो धो पाऊस पडून गेल्यानंतरचा पहिलाच शनिवार घ्या, कारण त्या दिवशी मुंबई, ठाणे, पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांना एकाच वेळी निसर्गाची आठवण होते. पंधरा ऑगस्ट शुक्रवारी किंवा सोमवारी येत असेल तर दुसरा विचारच करू नका.

३. तिकिटाची साधना

रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. त्यामुळे तुमचा ताप निम्मा झाला असं समजू नका; तोच ताप आता निम्म्या दिवसांत उरकावा लागतो.

सकाळी आठला पाच मिनिटं असताना घरातले सगळे फोन एका टेबलावर मांडा. मुलीला अक्षरं वाचायला बसवा. वाकडीतिकडी अक्षरं ओळखण्यात लहान मुलांचा हात कुणी धरू शकत नाही. मुलाला ओटीपी ओरडायला उभं करा. आजोबांना देवाजवळ बसवा. आठ वाजून तीन मिनिटांनी पडद्यावर प्रतीक्षायादी दिसेल. घाबरू नका. इथून पुढचे ६० दिवस घरात बोलायला विषय मिळाला. “सत्तेचाळीसवर होती, एकतीसवर आली” या वाक्यात जो थरार आहे तो कुठल्याही कड्यावर उभं राहून मिळत नाही.

तिकीट काढायचं ते व्हिस्टाडोमचंच. मोठ्या काचा, काचेचं छत, अर्धं वर्तुळ फिरणाऱ्या खुर्च्या. मुंबई-पुणे मार्गावर डेक्कन एक्स्प्रेस आणि डेक्कन क्वीन या दोन्हींना २०२१ मध्ये हे डबे लागले. एका डब्यात ४४ जागा. तुम्ही अकरा आहात आणि तुम्हाला सहा मिळतील. सहा जणांनी काचेतून बघायचं आणि उरलेल्या पाचांनी दुसऱ्या डब्यातून फोन करून “दिसतंय का काही?” असं विचारायचं.

तज्ज्ञांसाठी खास सूचना: डेक्कन क्वीनचं व्हिस्टाडोम मुंबईहून डिसेंबरात काढा. गाडी संध्याकाळी पाचनंतर सुटते, कर्जतला पोचेपर्यंत सूर्य मावळून बराच वेळ झालेला असतो. वर काच, बाजूला काच आणि बाहेर मिट्ट काळोख. पूर्ण भोर घाटभर तुम्हाला स्वतःचा चेहरा, शेजाऱ्याचा कटलेट आणि डब्यातले दिवे सगळ्या बाजूंनी दिसत राहतात. पैसे मोजून डोंगर टाळण्याची याहून खात्रीची सोय अजून निघालेली नाही.

४. आखणी करताना नकाशाचं ऐकू नका

तीन दिवसांचा आदर्श कार्यक्रम असा. पहिला दिवस: सकाळी लोणावळा, दुपारी ताम्हिणी, मुक्काम महाबळेश्वर. दुसरा दिवस: सहा पॉइंट, प्रतापगड, आंबेनळी घाटातून खाली कोकणात, मुक्काम रत्नागिरी. तिसरा दिवस: रत्नागिरीहून रेल्वेनं मडगाव, दूधसागर, आंबोली, रात्री घरी. नकाशा चार तास दाखवत असेल तर अडीच धरा. नकाशाला तुमच्या मेहुण्यांचं ड्रायव्हिंग माहीत नसतं.

इथे हुशार वाचक विचारील की माणसं रेल्वेनं मडगावला गेली तर मोटार कुठे राहिली? मोटार रत्नागिरीत राहिली. रेल्वे आणि मोटार अशी दुहेरी मजा घेणाऱ्या प्रत्येक सहलीत ही अडचण येते, आणि तिच्यावर एकच उपाय आहे: एक मेहुणा खर्ची घालायचा. बाकीचे काचेच्या छताखाली बसले की त्यानं सामान भरलेली गाडी एकट्यानं चालवत रेल्वेशी शर्यत लावायची, आणि प्रत्येक स्टेशनवर फोन करून आपण कुठल्या खड्ड्यात आहोत ते कळवायचं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, त्यामुळे विषयांना तोटा नाही.

मेहुणा नसेल तर सरकारनं त्याचीही सोय करून पाहिली आहे. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेनं मोटारी वाहून नेणारी गाडी सोडली, कोलाड ते वेर्णा. एका मोटारीचं भाडं ७,८७५ रुपये. मोटारीबरोबर जास्तीत जास्त तिघांना त्याच गाडीच्या डब्यातून जाता येतं, वेगळं तिकीट काढून. चौथ्याचं काय करायचं हे कुटुंबानं आपसांत ठरवायचं. आणि मुंबईपासून कोलाडपर्यंतचा रस्ता मात्र आपला आपणच चालवायचा, म्हणजे महामार्गाचा अनुभव अगदीच चुकला अशी रुखरुख राहत नाही.

५. रेल्वेनं घाट चढताना

कर्जतला गाडी थांबते. घाट चढवण्यासाठी मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. चढ दर ३७ मीटरला एक मीटर. रेल्वेच्या दृष्टीनं ही जवळजवळ भिंतच. हे सगळं बघण्यासारखं आहे, म्हणूनच नेमक्या याच वेळी सगळ्यांनी वड्यामागे धावायचं असतं. बटाटावडा गरम, पाव मऊ, लाल चटणी कागदाच्या घडीत, आणि सुटे पैसे कुणाकडेच नाहीत. गाडी हलते तेव्हा एक जण प्लॅटफॉर्मवर, दोन वडे खाली पडलेले आणि आत्या दारात उभी राहून त्याच्या नावानं ओरडतेय, अशी परिस्थिती जमून आली की समजावं, कर्जत साधलं.

यानंतर लगेच घरचे डबे उघडा. वडे खाल्ले असले तरी उघडा. ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, वाटली डाळ. एकाच्या मांडीवर कागद, दुसऱ्याच्या मांडीवर डबा, मध्ये लोणच्याची बाटली आणि तिचं झाकण कुणाच्या पायाखाली गेलं ते शोधायला वाकलेली चार डोकी. बोगदा आला की मुलांनी ओरडायचं. बोगदा संपला की मोठ्यांनी “ओरडू नका” म्हणून ओरडायचं. दोन बोगद्यांच्या मधोमध काही क्षण दरी उघडते. तळाशी उल्हास नदी, समोरच्या कड्यावरून सुटलेल्या दहा-बारा पांढऱ्या धारा. त्या क्षणी झाकण सापडेल.

खिडकीकडे चुकून लक्ष गेलंच तर डावीकडे बसायचं होतं की उजवीकडे, हा वाद सुरू करा. व्हिस्टाडोमच्या खुर्च्या फिरतात, त्यामुळे खरं म्हणजे वाद मिटायला हवा; पण शेजारचे दोघेही एकाच बाजूला तोंड करायला तयार असतील तरच खुर्ची फिरते. लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या जोडप्यांनी हा प्रयोग गाडीत करू नये.

मोठे काका मधूनच सांगायला लागतील. हा घाट १८६३ मध्ये सुरू झाला. डोंगर फोडायला हजारो मजूर लागले, पटकीनं आणि अपघातांनी कितीतरी तिथेच गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिनं काम पुढे तडीला नेलं. १९२९ पर्यंत तर गाडी खंडाळ्याजवळ एका टोकाला जाऊन थांबायची आणि इंजिन दुसऱ्या बाजूला लावून उलटी निघायची, कारण वळायला डोंगरानं जागाच ठेवली नव्हती. हे ऐकून घेतलंत तर बाहेर बघावंसं वाटेल. म्हणून काकांच्या हातात चहाचा कप द्या आणि म्हणा, “काका, निवेल.”

६. मोटारीनं घाट चढताना

पुढच्या सीटवर ज्याला गाडी लागते त्याला बसवायचं, हे शास्त्र. प्रत्यक्षात तिथे भावोजी बसतात, कारण ते ‘रस्ता सांगतात’. ज्याला गाडी लागते तो सगळ्यात मागे, बॅगा आणि पाण्याच्या बाटल्या यांच्या मधल्या फटीत. त्याच्या एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात पिशवी, गालात आवळासुपारी आणि नजर समोरच्याच्या मानेवर खिळलेली. ॲव्होमिनची गोळी निघण्यापूर्वी घ्यायची असते. ती बॅगेत असते. बॅग टपावर असते. चौथ्या वळणावर तो क्षीण आवाजात “जरा थांबवता का” म्हणेल. भावोजी म्हणतील, “दोनच वळणं राहिली.” घाटात नेहमी दोनच वळणं राहिलेली असतात.

काचा बंद ठेवा, एसी लावा. बाहेर ओल्या मातीचा वास, कुड्याची झाडं, कारवीची दाटी वगैरे असेल. आत वेलचीच्या वासाचं एअर फ्रेशनर आहे. गाणी पाऊस या विषयावरची लावा, म्हणजे बाहेरचा पाऊस ऐकू येणार नाही.

खोपोलीहून वर येणाऱ्या जुन्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना डोंगर चढायची वाट सापडत नव्हती, ती या धनगरानं दाखवली. बक्षीस काय हवं असं विचारल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि त्याला गोळी मिळाली, असं सांगतात. आजही ट्रकवाले तिथे नाणं टाकून पुढे जातात. तुम्ही काच खाली करायच्या आत देऊळ मागे पडलेलं असेल. हळहळू नका, टोलला ते तुमच्याकडून भरून घेतील.

एक सभ्यतेचा नियम: घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं वाट द्यायची असते. तुम्ही चढत असाल तेव्हा हा नियम मोठ्यानं म्हणून दाखवा. उतरताना विसरा.

ज्यांना घाट अजिबातच नको त्यांच्यासाठी बोगदे आहेत. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा २०२५ मध्ये खुला झाला. मुंबई-गोवा मार्गावर कशेडी घाटाऐवजी सुमारे दोन किलोमीटरचा. कोकण रेल्वेवर रत्नागिरीच्या अलीकडे करबुडे इथे साडेसहा किलोमीटरचा. तिन्ही जोडून सहल आखलीत तर सोळा किलोमीटर तुम्ही सह्याद्रीच्या पोटातून जाता आणि डोळ्यांना तोशीस पडत नाही.

७. भुशी डॅम: रांगेतला निसर्ग

हे धरण वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेनं बांधलं होतं. इंजिनं गेली, पाणी राहिलं, आणि त्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न महाराष्ट्रानं पायऱ्यांवर बसून सोडवला. गाडी लांब कुठेतरी लावावी लागते. खरं तर लावावी लागत नाही. पुढची गाडी थांबते म्हणून आपली थांबते, आणि दोन तासांनी लक्षात येतं की आपण पार्क झालेलो आहोत.

तिथवर चालत जाताना दुतर्फा शेगड्या असतात. भाजलेलं कणीस घ्या, लिंबू-तिखट जास्त सांगा. भजी घ्या. मॅगी घ्या. दहा बाय दहाच्या ताडपत्रीखाली चाळीस माणसं दाटीवाटीनं उभी, प्रत्येकाच्या ताटलीत वरून थेंब पडतोय आणि सगळे एकमेकांना सांगताहेत, “काय क्लायमेट आहे!” धरण अजून अर्धा किलोमीटर पुढे असतं. बहुतेक जण इथूनच परत फिरतात आणि भुशी डॅम छान होता असं सांगतात.

निघण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांचा मनाईहुकूम निघालाय का ते बघू नका. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर तो बरेचदा निघतो. नाक्यावर पोलिसांनी अडवल्यावर “आम्ही इतक्या लांबून आलोय” हे वाक्य म्हणायचं असतं. रांगेतल्या सगळ्या गाड्यांनी ते म्हणून झालेलं असतं, तरी म्हणा.

८. महाबळेश्वरला पॉइंट मोजा

उंची सुमारे १३७० मीटर, वर्षाचा पाऊस ५००० मिलिमीटरच्या वर. यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये पडतो, आणि तुम्ही त्याच वेळी पॉइंट बघायला गेला आहात. शाबास.

पॉइंटवर पोचलात की धुकं असेल. गाइड हात लांब करून म्हणेल, “हा समोर प्रतापगड.” समोर पांढरं आहे. “ही खाली जावळी.” खाली पांढरं आहे. सगळ्यांनी “वा!” म्हणायचं. आर्थर सीट, केट्स पॉइंट, लॉडविक पॉइंट, सगळीकडे हेच पांढरं, पण कठड्यांचे रंग वेगवेगळे आहेत. म्हणून पाटीसह फोटो काढायला विसरू नका, नाहीतर नंतर कुठलं धुकं कुठलं ते कळत नाही.

अधूनमधून वारा सुटतो आणि धुकं फाटतं. मिनिटभर कोयनेचं खोरं, खालची भाताची खाचरं, कड्याच्या पोटाला चिकटलेलं गाव असं सगळं स्वच्छ समोर येतं. हा धोका तुम्ही सेल्फीसाठी कड्याकडे पाठ करून उभे राहिलात तर टळतो.

स्ट्रॉबेरी हिवाळ्यात येते. जुलैत स्ट्रॉबेरीचा जॅम घ्यायचा असतो, तोही सहा बाटल्या.

९. माथेरान: एक अपवाद

इथे मोटार चालत नाही. दस्तुरी नाक्यावर ती सोडून द्यावी लागते आणि पुढे घोडा, पाय, ई-रिक्षा किंवा अमन लॉजपासून छोटी गाडी. नेरळहून येणारी खरी छोटी गाडी, १९०७ सालची, दोन फूट रुंदीच्या रुळांवरची, पावसाळ्यात बंद असते. म्हणजे इथे पायी चालावं लागण्याची आणि त्यामुळे झाडं दिसण्याची भीती आहे. शहाण्यानं माथेरान यादीत ठेवावं आणि ऐन वेळी गाळावं.

१०. मुक्काम

‘व्हॅली व्ह्यू’ खोलीच घ्या. दोन हजार जास्त पडतील. दरीकडचा पडदा ओढलेला ठेवा, कारण काचेवर माकडं येतात, आणि टीव्हीवर उजेड पडतो.

रिसॉर्टमध्ये ‘रेन डान्स’ आहे याची खात्री करून घ्या. बाहेर आभाळ फाटल्यागत कोसळत असताना पत्र्याच्या छताखाली नळ्यांमधून सोडलेल्या पाण्यात नाचायचं, आणि नाचून झाल्यावर पावसात भिजू नये म्हणून छत्री घेऊन खोलीवर जायचं. परदेशी पाहुण्यांना हे समजावून सांगण्याचा प्रयत्न करू नये.

जेवणात ‘अस्सल गावरान’ लिहिलं असेल तर पनीर येईल.

११. कोकण रेल्वे: सावध राहा

इथे नवशिक्या घसरतो, म्हणून नीट वाचा. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली. नव्वदवर बोगदे, आणि रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल. तो पूल झपकन जातो, त्याची भीती नको. त्या वेळी तुम्ही चार्जिंगचा पॉइंट शोधत असाल.

धोका वेगळाच आहे. मार्ग बहुतेक ठिकाणी एकेरी आहे आणि पावसाळ्यात वेगळं, हळू वेळापत्रक लागतं. त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला तुमची गाडी एखाद्या छोट्या स्टेशनात थांबते. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. नेटवर्क नसतं. डबा खाऊन संपलेला असतो. मुलं दमून झोपलेली. पंख्याचा आवाज थांबतो. बाहेर कुणी काही विकायला येत नाही, कारण तिथे फारसं कुणी राहतच नाही. आणि मग माणूस, दुसरं काहीच करण्यासारखं नसल्यामुळे, खिडकीबाहेर बघतो.

जांभ्या दगडाची भिंत, तिच्यावर इंचभर शेवाळ, शेवाळातून आलेला तेरडा. त्यामागे भाताचं खाचर आणि त्यात इरलं पांघरून वाकलेली बाई. त्यामागे डोंगर, अर्धा ढगात. स्टेशनमास्तर हिरवा झेंडा काखेत धरून पत्र्याखाली उभा आहे आणि तोही तिकडेच बघतोय. खिडकीच्या गजावरून एक खेकड्याचं पिल्लू चाललंय, ते इतक्या उंचावर कसं आलं कुणास ठाऊक.

अशी वेळ आलीच तर ताबडतोब उठा. डब्यातून फेरी मारा. “का थांबलीय?” असं तीन अनोळखी माणसांना विचारा. रेल्वेला नावं ठेवा. मोठे काका खिडकीला कपाळ टेकवून गप्प बसलेले दिसतील. त्यांच्या शेजारी मुळीच बसू नका.

१२. दूधसागर

३१० मीटरचा धबधबा, रेल्वे अगदी त्याच्या समोरून जाते. कॅसलरॉक ते कुळे हा घाट, चढ इथेही ३७ ला एक. गाडीतून जे दिसतं ते फुकट दिसतं, म्हणून लोकांना पटत नाही, आणि ते उतरून रुळांवरून चालायला लागतात. जुलै २०२३ मध्ये अशा पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी रुळांच्या बाजूला उठाबशा काढायला लावल्या. गुडघे दुखत असतील तर गाडीतच बसा.

१३. परतीचा प्रवास

रविवारी संध्याकाळी सहाला निघा, म्हणजे सगळ्यांबरोबर निघाल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटरचा आहे. त्यातला घाटाचा भाग रविवारी संध्याकाळी सगळ्यात जास्त वेळ बघायला मिळतो, फक्त तेव्हा अंधार असतो आणि समोर ट्रकची पाठ असते. तिच्यावरचे सुविचार वाचा.

चिक्की घ्या. तीच चिक्की तुमच्या घराखालच्या दुकानात मिळते, पण त्या चिक्कीला घाट लागलेला नसतो.

हिशेब गाडीतच करा, घरी पोचल्यावर कुणी फोन उचलत नाही. मेहुण्याचं पेट्रोल धरा. अकराव्या माणसाला अर्धा आकार लावायचा की पूर्ण, हे आधी ठरवायला हवं होतं. आता भांडण अटळ आहे. फोटो मात्र रात्रीच टाका: कणीस, ताट, पाटी, धुकं, पाटी, ताट, सगळ्यांचा एकत्र, त्यात काकांचे डोळे मिटलेले. खाली लिहा ‘निसर्गाच्या कुशीत’. चारशेपैकी चाळीसच टाका, बाकीचे फोनमध्ये राहू द्या. जागा कमी पडली की काढून टाकता येतात.

१४. जाता जाता

भोरहून महाडला उतरायचं म्हणून कुणी वरंधा घाट सुचवला तर थोडं थांबा. दरडींमुळे पावसाळ्यात तो जड वाहनांना, आणि जोराच्या पावसात सगळ्याच वाहनांना, बरेचदा बंद ठेवतात. वरचं सगळं बाजूला ठेवा, पण हे गमतीनं लिहिलेलं नाही: निघायच्या आदल्या दिवशी घाट चालू आहे का, ते विचारून मगच गाडी काढा.